मी वॉर्डात नसताना

गेल्या वर्षी जून महिन्यात, रुग्णालय व्यवस्थापनाच्या पदविकेच्या पहिल्याच शनिवारी, सरांनी आम्हा सगळ्यांना एकेक कोरा कागद दिला आणि नेतृत्वाची स्वतःची व्याख्या लिहायला सांगितली. पुस्तकातली नको, पाठ केलेली नको, आज तुम्हाला जी वाटते तीच लिहा, एवढीच अट होती. बावीस वर्षे परिचारिका म्हणून आणि त्यांतली शेवटची नऊ वर्षे इनचार्ज सिस्टर म्हणून काम केलेले असल्यामुळे मला फार विचार करावा लागला नाही. मी लिहिले: ‘जी व्यक्ती स्वतःच्या उदाहरणाने इतरांना प्रेरणा देते, योग्य दिशा दाखवते आणि संकटात खंबीरपणे उभी राहते, ती नेता.’ सरांनी कागद गोळा केले, प्रत्येकाचा कागद त्याच्या नावाच्या पाकिटात घालून चिकटवला आणि वर्षाच्या शेवटी तो परत मिळेल, तेव्हा पुन्हा एकदा लिहायचे आहे, असे सांगितले.

या मे महिन्यात ते पाकीट हातात आले. अक्षर माझे, वाक्यही माझेच, आणि तरी ते वाचताना मला अवघडल्यासारखे झाले. त्या वाक्यात खोटे काही नव्हते; पण त्यात एकच माणूस होता, तो म्हणजे नेता, आणि तो सतत उभा होता, बोलत होता, काहीतरी दाखवत होता. माझ्या वॉर्डातली माणसे त्यात कुठेच नव्हती. ताटे उचलणाऱ्या मावशी नव्हत्या, स्ट्रेचर ढकलणारे मामा नव्हते, पहिल्या नोकरीतली बावरलेली सिस्टर नव्हती, आणि मी घरी झोपलेली असताना वॉर्डात रोज जी बारा तासांची रात्रपाळी चालते, ती तर अजिबात नव्हती. मधल्या अकरा महिन्यांत माझे मत कसे आणि कशामुळे बदलले, ते विसरून जाण्याआधी मला नीट लिहून ठेवायचे आहे.

मी कळव्याला राहते, ठाण्यातल्या एका खासगी रुग्णालयात नोकरी करते आणि पदविकेचे वर्ग वाशीला होते. शनिवारी सकाळची पाळी संपवून ठाण्याच्या नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून वाशीची गाडी पकडायची, ऐरोली आणि रबाळे जाईपर्यंत डोळे मिटून बसायचे आणि घणसोलीपासून टिपणे वाचायला घ्यायची, असा क्रम ठरून गेला. आठवड्यात एखादी दुपार मोकळी मिळाली तर मी मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसत असे. १८९३ पासून चालत आलेल्या त्या संस्थेत बसून इंग्रजी टिपणांचा मराठीत विचार केला, की कुठले म्हणणे पटते आणि कुठले नुसते कानाला बरे वाटते, ते मला लवकर कळत असे. तिथेच एकदा शब्दकोश चाळताना लक्षात आले की आपल्याकडे या एका गोष्टीला किती शब्द आहेत. पुढे चालतो तो पुढारी. सुकाणू धरतो तो कर्णधार. आणि धुरा, म्हणजे गाडीचे जू, जो खांद्यावर वाहतो तो धुरीण. हा शेवटचा शब्द आपण सभेच्या बातमीत सहज वापरून टाकतो, पण त्यात जुवाचे वजन आहे, हे तोवर माझ्या ध्यानात आले नव्हते. तो शब्द मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आणि वर्षभर तो तिथेच राहिला.

पहिल्या दोन महिन्यांत सिद्धांतांची रांग लागली. राल्फ स्टॉगडिल यांनी १९४८ मध्ये १२४ अभ्यास एकत्र तपासून दाखवले की अमुक गुण अंगी असले म्हणून कोणी नेता होत नाही, परिस्थितीचाही त्यात तेवढाच वाटा असतो. आणि पुढे १९७४ मध्ये त्यांनीच नोंदवून ठेवले की ज्यांनी ज्यांनी नेतृत्वाची व्याख्या करायचा प्रयत्न केला, जवळजवळ तितक्याच व्याख्या झालेल्या आहेत. ब्लेक आणि मूटन यांनी १९६४ मध्ये कामाची काळजी एका अक्षावर आणि माणसांची काळजी दुसऱ्या अक्षावर मांडली. हाताखालच्या माणसाची जशी तयारी असेल तशी आपली रीत बदलावी, हे हर्सी आणि ब्लँचर्ड यांचे १९६९ चे म्हणणे तर आम्ही सिस्टर मंडळी नव्या मुलीला पहिली सलाईन लावायला शिकवताना नकळत पाळतच असतो. जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांनी १९७८ मध्ये कामाच्या बदल्यात मोबदला देणारे देवाणघेवाणीचे नेतृत्व आणि माणसांची ध्येयेच उंचावणारे परिवर्तनाचे नेतृत्व असा जो भेद केला, तो वर्गात सगळ्यांना फार आवडला. मलाही आवडला, परंतु बर्न्स राष्ट्रांच्या आणि चळवळींच्या पटावर लिहीत होते, आणि तो पट माझ्या ३२ खाटांच्या वॉर्डावर पसरायला गेले की बाकीचे सगळे झाकले जाऊन पुन्हा एकटा नेताच दिसत राही.

मी खऱ्या अर्थाने थांबले ती कुर्ट लेविन यांच्या प्रयोगापाशी. लेविन हे जर्मनीतून १९३३ मध्ये अमेरिकेत आलेले ज्यू मानसशास्त्रज्ञ. हुकूमशाही म्हणजे काय, याचा त्यांना पुस्तकातून अभ्यास करण्याची गरज नव्हती. लिपिट आणि व्हाइट या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी आयोवामध्ये दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे छंदगट केले आणि प्रत्येक गटावर वेगवेगळ्या पद्धतीने वागणारा मोठा माणूस नेमला. कुठे सगळे हुकूम त्याचेच, कुठे मुलांबरोबर बसून ठरवणे, कुठे मुलांना पूर्ण मोकळे सोडणे. १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचे ‘हुकूमशाही, लोकशाही आणि मुक्त’ असे तीन प्रकार परीक्षेत हमखास विचारतात. माझे लक्ष मात्र एका वेगळ्याच तपशिलाकडे गेले. प्रयोग चालू असताना तो मोठा माणूस मधेच खोलीबाहेर निघून जाई, आणि तो गेल्यावर काय होते, ते निरीक्षक टिपून ठेवत. हुकमावर चालणाऱ्या गटात तो बाहेर पडताच काम ढासळे. मिळून ठरवणाऱ्या गटात जवळजवळ काहीच फरक पडत नसे.

नेता खोलीबाहेर गेल्यावर मोजायचे! इतकी वर्षे माझे मोजमाप मी वॉर्डात असतानाच झाले होते. राउंडच्या वेळी वॉर्ड नीटनेटका आहे ना, फाइली पूर्ण आहेत ना, सिस्टर अदबीने उभ्या आहेत ना, हे सगळे माझ्या हजेरीत तपासले जाई आणि त्यात मला चांगले शेरे मिळत. आठवड्यातले १६८ तास धरले तर मी वॉर्डात जेमतेम ४८ तास असते. उरलेल्या १२० तासांबद्दल मला कोणी कधी काही विचारले नव्हते आणि मीही स्वतःला विचारले नव्हते.

त्यानंतर काही आठवड्यांनी एमी एडमंडसन यांच्या अभ्यासाचे टिपण हाती आले. त्या हार्वर्डमध्ये संशोधन करत असताना रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास करत होत्या, आणि ज्या वॉर्डात माणसांचे एकमेकांशी चांगले जमते तिथे चुका कमी होत असणार, हा त्यांचा साधा अंदाज होता. आकडे मात्र उलटे आले. चांगल्या वॉर्डात चुकांचे प्रमाण जास्त दिसत होते. बराच विचार आणि जास्तीचे निरीक्षण केल्यावर त्याचा उलगडा झाला. चांगल्या वॉर्डात चुका जास्त होत नव्हत्या, तिथे त्या जास्त सांगितल्या जात होत्या. आणि जिथे इनचार्जची भीती होती, तिथे त्या दडून राहत होत्या. १९९६ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि १९९९ मध्ये त्यांनी एका कारखान्यातल्या ५१ गटांच्या अभ्यासातून मानसिक सुरक्षिततेची, म्हणजे चूक किंवा शंका बोलून दाखवली तरी आपल्याला त्रास होणार नाही या विश्वासाची, कल्पना मांडली. कोपरखैरणे येईपर्यंत मी ते टिपण वाचून संपवले होते आणि तुर्भ्याला गाडी थांबली तेव्हा मला तेरा नंबरच्या आजी आठवत होत्या.

ही गोष्ट पदविकेच्या आधी तीन वर्षांची आहे. आजी सत्तरी ओलांडलेल्या होत्या, मधुमेह जुना होता आणि दुपारच्या जेवणाआधी त्यांना इन्सुलिन लिहून दिलेले होते. साडेबारा वाजता सहा महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या एका सिस्टरने ते बरोबर मात्रेत आणि बरोबर वेळी दिले. पाऊण वाजता ताट आले. आजींना मळमळत होते. त्यांनी ताटावरचे झाकणसुद्धा काढले नाही. दीडच्या सुमारास मावशी ताटे उचलायला आल्या. मी काउंटरवर होते, दोन दिवसांनी एक तपासणी व्हायची होती आणि तिच्यासाठी मागच्या तीन महिन्यांचे तक्ते भरत होते. मावशी ताटांची गाडी थांबवून म्हणाल्या, “सिस्टर, तेरा नंबरच्या आजींनी ताटाला हात लावला नाही.” मी मान वर न करता म्हणाले, “बरं मावशी, बघते.”

मी बघितले नाही. दोन वाजता पाळी बदलली, ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती, दिली गेली, त्यात आजींच्या इन्सुलिनची नोंद होती आणि ताटाची नव्हती. पावणेतीनला दुपारच्या सिस्टरला आजी घामाने चिंब आणि हाकेला ओ न देणाऱ्या अशा आढळल्या. शुगर ४१ होती. ७० च्या खाली गेली तरी आम्ही धावतो. शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज दिले, दहा मिनिटांत त्यांनी डोळे उघडले आणि किती वाजले म्हणून विचारले. तीन दिवसांनी त्या चालत घरी गेल्या. रुग्णाच्या बाजूने गोष्ट इथे संपते.

आमच्या बाजूने ती दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाली. बैठकीत पहिला प्रश्न आला, “इन्सुलिन कोणी दिले होते?” त्या मुलीचे नाव घेतले गेले, रुग्ण जेवला की नाही याची खात्री न केल्याबद्दल तिला मेमो देण्याचे ठरले आणि बैठक पुढच्या विषयाकडे वळली. मी त्या खोलीत होते. मावशींनी मला सांगितले होते, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होते; मावशींना तर अशा बैठकीला कोणी बोलावतच नाही. मी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मी मेट्रनकडे, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुखांकडे, जाऊन सगळे सांगितले आणि मेमो मागे घेतला गेला, परंतु दोन महिन्यांनी त्या मुलीने नोकरी सोडली. कारण दुसरे काही असेलही. मी तिला विचारायला हवे होते, ते मी केले नाही.

मावशींशी मात्र मी बोलले. त्या जिन्यातली पायरी पुसत होत्या. मी म्हणाले, “मावशी, परवा तुम्ही सांगितलंत, माझ्या लक्षात राहिलं नाही.” त्या म्हणाल्या, “मी सांगितलं होतं की, सिस्टर. तुम्ही लिहीत होता.” त्यात तक्रारीचा सूर नव्हता, आणि तेच मला फार लागले. आपले सांगणे मोठ्या माणसाच्या कामाआड येते, तेव्हा ते एकदाच सांगावे आणि पुढे जावे, हा नियम त्यांनी केव्हाच स्वीकारलेला होता. कोण जेवले आणि कोण नाही, हे वॉर्डात मावशींच्या इतके कोणालाच माहीत नसते, कारण प्रत्येक ताट त्यांच्या हातून परत जाते. चादरी बदलताना कोणाच्या पाठीला लाली आली आहे, हे त्यांना आमच्या आधी दिसते. आणि तरीही पाळी बदलताना आम्ही सिस्टर खाटांमधून ओव्हर देत-घेत फिरतो, तेव्हा मावशी बादली घेऊन भिंतीपाशी थांबतात आणि आम्ही पुढे सरकलो की मागची फरशी पुसतात.

एडमंडसन यांचे टिपण वाचले त्याच सुमारास वर्गात स्पेनच्या तेनेरीफ बेटावरच्या विमान अपघाताची चर्चा झाली. २७ मार्च १९७७ रोजी, दाट धुक्यात, एकाच धावपट्टीवर दोन बोइंग ७४७ विमानांची टक्कर झाली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. उड्डाण करणाऱ्या डच विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरने, समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले आहे ना, अशी शंका बोलून दाखवली होती. कप्तानाने ती ठामपणे झटकली आणि विमान पुढे नेले. तो कप्तान त्या कंपनीतला अत्यंत अनुभवी, इतर वैमानिकांना शिकवणारा माणूस होता. माझ्या पहिल्या व्याख्येतले तिन्ही गुण त्याच्यापाशी असतील. शंका मात्र एकदाच बोलली गेली आणि पुन्हा बोलण्याची हिंमत कोणाला झाली नाही. माझ्या काउंटरवरही नेमके हेच झाले होते, फक्त आमचे नशीब बरे होते.

हे सगळे पाश्चात्त्य संशोधन आहे, आपल्याकडे वडीलधाऱ्यांपुढे बोलायची रीतच नाही, असे एका सहाध्यायीने म्हटले. मला ते मान्य झाले नाही. माझे माहेर फलटण तालुक्यातले. माझे वडील दरवर्षी आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखीबरोबर दिंडीत चालत, आणि लहानपणी आम्ही संध्याकाळी तळावर समाजआरती पाहायला जात असू. शेकडो दिंड्या पालखीभोवती गोलाकार उभ्या असतात, टाळमृदंगाने कान भरून जातात, आणि मग चोपदार आपला चोप, म्हणजे हातातला दंड, उंच धरतात. एका क्षणात सगळे शांत होते. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी आपले टाळ वाजवतच राहते. लाखांच्या शांततेत तेवढेच टाळ वाजत असतात. चोपदार तिकडे जातात, म्हणणे ऐकून घेतात, त्यावर निवाडा होतो, आणि त्यानंतरच आरती होते. वडील सांगत की चोप खाली पाडायला लावायची ताकद त्या टाळांत नाही, पण आरती थांबवायची आहे. ज्याची तक्रार आहे त्याने आवाज करावा, आणि तो आवाज ऐकू यावा म्हणून बाकीच्यांनी गप्प व्हावे, ही शिस्त आपल्या मातीत फार जुनी आहे. आमच्या रुग्णालयांत ती पोहोचली नाही, एवढेच.

आपल्याकडच्या संशोधकांत पाटण्याचे जय बी. पी. सिन्हा यांनी १९८० मध्ये जे मांडले, तेही मला जवळचे वाटले. भारतीय कार्यालयात हाताखालचा माणूस वरिष्ठाकडून मायेची अपेक्षा ठेवतो, आणि चांगला वरिष्ठ ती माया देतो, मात्र ती कामाशी जोडून देतो; काम शिकत जाणाऱ्याला जपतो आणि तो तयार होत गेला की हळूहळू त्याला निर्णयात सहभागी करून घेतो. आमच्याकडे मावशी, मामा, सिस्टर अशी नातीच हुद्द्यांची नावे होऊन बसली आहेत. या नात्यांचा मला अभिमान आहे. तरी एक गोष्ट मी जपून लिहिते: ‘मावशी’ म्हणण्याने आपण माणसाला आपलेसे करतो, पण त्याच हाकेने तिला तिच्या जागेवरही ठेवतो. घरातल्या मावशीचे म्हणणे आपण ऐकतो, वॉर्डातल्या मावशीला ‘बघते’ म्हणतो. बहुतेक मावशी आणि मामा कंत्राटावर असतात, त्यांना उद्या बदलून दुसरे कोणी पाठवता येते, आणि ज्याला उद्याची खात्री नाही त्याने आज बोलावे, अशी अपेक्षा ठेवायची तर त्याची तजवीज वरच्याने करायला हवी.

ही तजवीज आम्ही जानेवारीपासून करू लागलो. विकत काहीच घ्यावे लागले नाही. ओव्हरच्या वहीत दोन रकाने वाढवले, ‘वेगळे काय दिसले’ आणि ‘सांगणाऱ्याचे नाव’, आणि पाळी बदलताना मावशी व मामा यांनी सिस्टरबरोबर खाटांमधून फिरायचे ठरले. पहिले पंधरा दिवस रकाने कोरे राहिले, विचारले की उत्तर येई, “सगळं ठीक आहे, सिस्टर.” मग एके दिवशी एका मावशींनी सांगितले की सोळा नंबरजवळच्या बाथरूममधला दिवा लागत नाही. त्याच दुपारी मी तो बदलून घेतला. वॉर्डातले रुग्ण रात्री पडतात ते बहुतेक बाथरूमच्या वाटेवर, त्यामुळे ती नोंद कुठल्याही तपासणीइतकीच मोलाची होती. पण खरा परिणाम वेगळा झाला. सांगितले की काहीतरी होते, हे सगळ्यांनी पाहिले. त्या आठवड्यापासून रकाने भरू लागले.

अडचणी आल्या, आणि त्या लहान नव्हत्या. ओव्हरला दहा-बारा मिनिटे जास्त लागू लागली आणि दिवसभर उभे राहून थकलेल्या सिस्टरांना ती मिनिटे जड जात. पुष्कळ नोंदी बिनकामाच्या निघत. एकदा एका मामांना एका बाबांचा श्वास बरोबर वाटला नाही, डॉक्टर धावत आले आणि बाबा गाढ झोपलेले निघाले. डॉक्टर चिडले, रात्रभर जागलेल्या माणसाने चिडणे मी समजू शकते. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितले की बोलवायला मीच सांगून ठेवले होते, राग माझ्यावर काढा, मामांवर नको. त्या दिवशी घरी गेल्यावर मी वहीच्या पहिल्या पानावरचा तो शब्द पुन्हा पाहिला. दहा वेळा सांगितले तर नऊ वेळा ते फुकट जाणार, आणि त्या नऊ वेळांचे ओझे कोणाच्या तरी खांद्यावर पडणार. ते सांगणाऱ्याच्या खांद्यावर पडू दिले तर दहावी वेळ येतच नाही. जू वाहणे म्हणजे काय, याचा अर्थ मला तिथे लागला.

म्हणून मे महिन्यात, दुसऱ्या कोऱ्या कागदावर, मी असे लिहिले: ‘माझ्या वॉर्डात सगळ्यांत कमी अधिकार असलेल्या माणसाला जे दिसते, ते मी तिथे नसतानाही योग्य माणसापर्यंत वेळेत पोहोचेल अशी सोय करणे, आणि ते सांगितल्याचा भुर्दंड सांगणाऱ्यावर पडू न देणे, याला मी नेतृत्व म्हणते.’

सरांनी ते वाचून आक्षेप घेतला की ही व्यवस्थापनाची व्याख्या झाली, नेतृत्वाची नव्हे. एब्राहम झेलेझनिक यांनी १९७७ पासून हा वाद मांडून ठेवलेला आहे: व्यवस्थापक व्यवस्था राखतो, नेता नवी वाट काढतो. आक्षेपात तथ्य आहे. माझ्या व्याख्येत स्वप्न नाही, दूरदृष्टी नाही, गर्दीला हलवून सोडणारे भाषण नाही. पण मी सरांना फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याबद्दल विचारले. आम्हा परिचारिकांना त्या हातात दिवा घेतलेल्या चित्रात दाखवल्या जातात, आणि ते चित्र १८५४ नंतरच्या, क्रिमियन युद्धाच्या काळाचे आहे. १८५९ च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये मात्र त्यांनी बारीकसारीक व्यवस्थेवर एक संपूर्ण प्रकरण लिहिले आहे, आणि तिथे त्यांचा मुद्दा हाच आहे की आपण हजर असताना जे करतो, ते आपण नसतानाही होईल असे पाहायला हवे, ते जमले नाही तर बाकीची सगळी चांगली सेवा वाया जाते. क्रिमियाहून परतल्यावर त्या दीर्घकाळ आजारी होत्या, बहुतेक काम त्यांनी आपल्या खोलीतून केले, आणि हिंदुस्थानात एकदाही पाऊल न ठेवता इथल्या लष्करी छावण्यांच्या आरोग्याच्या प्रश्नावर त्यांनी वर्षानुवर्षे सरकारला काम करायला लावले. दिवा घेऊन फिरणारी बाई नेता होती आणि व्यवस्थेवर प्रकरण लिहिणारी बाई व्यवस्थापक होती, अशी फाळणी मला करता येत नाही. सरांचे आणि माझे यावर एकमत झाले नाही. त्यांनी गुण मात्र चांगले दिले.

एका ठिकाणी माझी व्याख्या अपुरी पडेल, अशी मला स्वतःलाच शंका होती. रुग्णाचे हृदय थांबते तेव्हा चर्चा करत बसता येत नाही. एकानेच सांगायचे आणि बाकीच्यांनी करायचे. पण तिथेही बारकाईने पाहिले तर सांगणाऱ्याने सांगितलेले औषध देणारी सिस्टर मोठ्याने परत उच्चारते, आणि घड्याळ धरलेली, बहुतेक वेळा सगळ्यांत नवी मुलगी, दर दोन मिनिटांनी ‘दोन मिनिटे झाली’ असे ओरडून सांगते, तेव्हा सगळ्यांत ज्येष्ठ डॉक्टरसुद्धा तिच्या शब्दावर छाती दाबणारा माणूस बदलतात. हुकूम एकाचाच असतो, पण त्या हुकमाला वेळ सांगणारा आवाज दुसऱ्याचा असतो. शंका तिथे मिटली.

मागच्या महिन्यात एका सकाळी आठ वाजता ड्युटीवर आले तेव्हा एकवीस नंबरची खाट रिकामी होती. वहीत रात्रपाळीची नोंद होती. मामा एकसष्ट वर्षांच्या एका काकांना बाथरूमकडे नेत असताना काकांच्या उजव्या पायातली चप्पल दोनदा सुटली, आणि ती सुटल्याचे काकांना कळले नाही. मामांनी त्यांना तिथेच खुर्चीत बसवून सिस्टरला हाक मारली. सिस्टरने दोन्ही हात वर करायला सांगितले, उजवा हात खाली आला; डॉक्टरांना फोन गेला, सीटी स्कॅन झाला आणि काकांना आयसीयूत हलवले. मेंदूत गुठळी अडकलेल्या रुग्णाला ती विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, म्हणून लक्षण पहिल्यांदा केव्हा दिसले, ही वेळ प्रत्येक कागदावर लिहितात. वहीत तीन वीस अशी वेळ होती आणि शेजारच्या रकान्यात मामांचे नाव होते. त्या सगळ्या वेळात मी कळव्याला झोपलेली होते आणि माझा फोन बंद होता.

मामा ड्युटी संपवून निघाले होते. मी त्यांना लिफ्टपाशी गाठले. मी काही बोलायच्या आतच त्यांनी विचारले, “सिस्टर, माझं नाव कशाला लिहिलंय? काही चुकलं का?” पाच महिने तो रकाना आमच्या वहीत होता, आणि तरी नाव लिहिले गेले म्हणजे काहीतरी चुकले, हीच त्यांची पहिली भीती होती. मी त्यांना काउंटरवर परत घेऊन आले आणि वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी बोट टेकवून आपले नाव वाचले, मग पूर्ण नोंद वाचली, मग बोट वेळेवर नेऊन थांबवले.

“तीन वीस नाही, सिस्टर,” ते म्हणाले, “तीन दहा. पहिल्यांदा चप्पल सुटली तेव्हा मी घड्याळ बघितलं होतं.”

मी वेळ दुरुस्त केली आणि आयसीयूला फोन लावून त्यांनाही ती कळवली.